घाडीगावकर बाईंचं माप

घाडीगावकर बाईंच्या वर्कशॉपमध्ये 'ठीक आहे' म्हणायला बंदी आहे.

तशी पाटी वगैरे लावलेली नाही. पण नवीन पाय घालून तुम्ही चार पावलं टाकलीत, बाईंनी "कसं वाटतंय?" विचारलं आणि तुमच्या तोंडून 'ठीक आहे' गेलं, की बाई चष्मा कपाळावर सारतात आणि हाताने बाहेरचा पॅसेज दाखवतात. म्हणजे जा, एक फेरी मारून या. परत येऊन पुन्हा तेच म्हणालात तर दोन फेऱ्या. एक निवृत्त बँक मॅनेजर पहिल्या दिवशी अकरा फेऱ्या मारून आले होते. शेवटी भिंतीला टेकून म्हणाले, "आतल्या बाजूला, हाडाच्या टोकाला, सकाळपासून जीव जातोय हो."

बाईंचा चेहरा उजळला. "हां. आता बोललात. बसा, चहा घ्या."

"'ठीक आहे' हे काय उत्तर झालं?" बाई म्हणतात. "लग्नाचं जेवण कसं होतं विचारल्यावर पाहुणे असं म्हणतात. पाय म्हणजे काय लग्नाचं जेवण आहे?"

मी दिलीप. मुलुंड पूर्वेला माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. चार वर्षांपूर्वी ऐरोलीच्या पुलावर माझी स्कूटर घसरली, मागून टेम्पो आला, आणि उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर उरला. त्याबद्दल जास्त सांगत नाही. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगून सांगून आता मलाच कंटाळा आलाय.

पहिला पाय मी दुसऱ्या एका ठिकाणी करून घेतला होता. दिसायला झकास. कृत्रिम पायाच्या वरच्या टोकाला एक पेला असतो, त्यात आपला उरलेला पाय बसतो. त्याला म्हणतात सॉकेट. खालचं पाऊल, मधली नळी हे सगळं कारखान्यातून येतं, पण सॉकेट ज्याचं त्यालाच करावं लागतं. माझं सॉकेट बरं होतं. त्या पायाने मी बाजारात जायचो, जिने चढायचो. वाट लागायची ती सलूनमध्ये.

कारण न्हावी चालत नाही. न्हावी फिरतो. दिवसभर खुर्चीभोवती, पाव वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे, एका पायावर भार टाकून. मी वळायचो, पण माझ्याबरोबर सॉकेट वळायचंच असं नाही. तिसऱ्या गिऱ्हाईकापर्यंत माझं पाऊल चौथ्या गिऱ्हाईकाकडे बघायला लागायचं.

एका सकाळी नेहमीच्या सामंतांची दाढी करत होतो. वस्तरा गालावर, आणि माझा पाय आतल्या आत फिरला. सामंतांना ओरखडासुद्धा आला नाही, हात मी वेळेत उचलला. पण सामंतांनी डोळे उघडून माझा चेहरा पाहिला. त्यानंतर वस्तरा मी ड्रॉवरमध्ये ठेवला तो ठेवलाच. गिऱ्हाईकं भली माणसं. कोणी काही बोललं नाही, फक्त यायची बंद झाली. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण गाळा भाड्याने मागायला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी मी त्याला बसायला खुर्ची दिली, यावरून काय ते समजा.

माझी बायको सुनंदा एका शाळेत क्लार्क आहे. तिथल्या शिपाईमामांनी तिला बाईंचा पत्ता दिला. मामा स्वतः बाईंनी केलेल्या पायावर चालत होते, आणि सहा वर्षं रोज समोर वावरूनही सुनंदाला ते कळलं नव्हतं.

"सहा वर्षं मला कळलं नाही," ती घरी येऊन म्हणाली. "उद्याच्या उद्या आपण जायचं."

बाईंचा गाळा मुलुंड पश्चिमेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावर. शेजारी अगरबत्तीचं पॅकिंग. त्यामुळे पॅसेजमध्ये चंदनाचा वास आणि बाईंच्या दारातून आत गेलं की प्लास्टरची पांढरी धूळ. बाई साठीच्या आसपास, बुटक्या, सुती साडीवर खाकी एप्रन, घट्ट अंबाडा. डोक्यावर कायम धूळ, त्यामुळे केस किती पांढरे आणि किती पिठाळलेले ते माझ्यासारख्यालाही ओळखता येत नव्हतं.

बाई मूळच्या कणकवलीकडच्या. वडील परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बाई पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात चामड्याचे पट्टे शिवायला लागल्या. पट्टे शिवता शिवता सॉकेटला हात कधी घातला, ते त्यांनाही आठवत नाही. आता गाळ्यात आठवड्यातून दोनदा एक शिकलेले साहेब येतात, कागदपत्रं बघतात, पाय तपासतात आणि सही करतात. पण सही करण्याआधी साहेब चोरून बाईंकडे बघतात. बाईंनी मान हलवली तरच पेनाचं टोपण निघतं.

गाळ्याच्या तीन भिंतींना फळ्या आहेत आणि फळ्यांवर पाय. म्हणजे लोकांच्या उरलेल्या पायांचे प्लास्टरचे साचे, नावं घातलेले. बाई त्यांना नावानेच हाक मारतात. त्यांचे मदतनीस पाटकर, पन्नाशीचे, फार कमी बोलणारे. त्यांना बाई सांगतात, "पाटकर, कदमांना जरा सरकवा. आणि त्या डिसोझांना खाली घ्या, त्यांचं नाक घासायचंय." नाक म्हणजे नडगीच्या हाडाचं टोक. पहिल्या दिवशी मी हे ऐकलं तेव्हा सुनंदाने माझा दंड घट्ट धरला होता.

माझ्या पायाला हात लावायच्या आधी बाईंनी माझी उलटतपासणी घेतली.

"टोचतं, चावतं की जळतं?"

"दुखतं."

"ते सगळ्यांचंच दुखतं. मिरची लागल्यासारखं की मीठ लागल्यासारखं?"

मी विचार करून म्हटलं, "मीठ."

"म्हणजे घासतंय." बाईंनी वहीत लिहिलं. "मिरची असती तर दाबत असतं. बघ, येतं की तुला बोलायला."

मग त्यांनी मला पॅसेजमधून चालायला लावलं. मी चांगला चाललो. मुद्दाम छाती काढून चाललो. बाई खाली बसून माझ्या पावलाकडे बघत होत्या. मी परत आल्यावर त्यांनी विचारलं, "धंदा काय करतोस?"

"सलून आहे."

एरवी बाई मुंबईचं मराठी बोलतात. पण पारा चढला की थेट कणकवली. "मग मेल्या, चालान काय दाखवतंस? केस काप."

मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी पाटकरांना स्टुलावर बसवलं, त्यांच्या गळ्यात टॉवेल टाकला आणि मला प्लास्टरच्या पट्ट्या कापायची कात्री दिली. त्या कात्रीने मी पाटकरांचे केस कापले. पाटकर डोळे मिटून बसले होते. बाई जमिनीवर मांडी घालून माझ्या पायाभोवती खडूने खुणा करत होत्या. केस कापून होईपर्यंत माझं पाऊल खुणेपासून चार बोटं बाहेर वळलं होतं.

बाईंनी माझा जुना पाय काढायला लावला, सॉकेटमध्ये हात घालून आतून चाचपलं आणि सुनंदाकडे वळल्या. "बरणीचं झाकण का फिरतं?"

सुनंदा म्हणाली, "आटे असतात म्हणून."

"आटे नंतर. ते गोल असतं म्हणून फिरतं. चौकोनी डब्याचं झाकण फिरव बघू. नवऱ्याचा पाय गोल, त्याचं सॉकेट गोल. गोलात गोल फिरतलाच. चालणाऱ्याला चालून जातं, ह्याला कसं चालेल?"

मग त्यांनी साचा घेतला. ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि दोन्ही अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली रुतवले, बोटं मागे पोटरीत. तेवढ्या वेळात गाळ्यात कोणी बोलायचं नाही. "बोललं की हाताला ऐकू येत नाही," असं त्या म्हणतात. प्लास्टर घट्ट होईपर्यंत आम्ही तिघं माझ्या पायाकडे बघत गप्प बसलो. बाईंचे डोळे मिटलेले होते. एवढं लक्ष देऊन माझ्या पायाला त्याआधी कोणी हात लावला नव्हता. डॉक्टरांनीही नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

पुढचा महिना मी बाईंकडे पडीक होतो. त्यांनी आधी पारदर्शक प्लास्टिकचं सॉकेट केलं, नुसतं तपासायला. कुठे दाबतंय हे बघायला बाई लिपस्टिक वापरतात. हाडाच्या टोकांना लिपस्टिक लावायची, पाय आत घालून उभं राहायचं आणि काढल्यावर सॉकेटला रंग कुठे लागला ते बघायचं. बाईंनी स्वतः आयुष्यात लिपस्टिक लावली नसावी, पण एप्रनच्या खिशात दोन कायम. आणि रंग असा भडक की लांबून दिसावा.

चौथ्या दिवशी सुनंदा धुवायचे कपडे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या अर्ध्या चड्डीला, मांडीच्या जरा खाली, लालभडक डाग.

"हे काय?"

मी खरं ते सांगितलं. ते इतकं खोटं वाटलं की सांगताना मलाच माझा संशय आला. सुनंदाने चड्डी बादलीत टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर गाळ्यात आली, बाईंच्या खिशातली लिपस्टिक मागून घेतली, उघडून बघितली आणि म्हणाली, "बाई, रंग फारच वाईट आहे हो."

"पायाक लावूची ती. पायाक काय समजता?"

"तरी पण."

पुढच्या वेळी सुनंदाने बाईंना एक बरी, डाळिंबी रंगाची लिपस्टिक आणून दिली. बाईंनी ती माझ्याच नडगीवर वापरली आणि पाटकरांना म्हणाल्या, "बघा, ह्या रंगाने बारीक रेघसुद्धा दिसते." त्या दिवसापासून गाळ्यात सगळ्यांना डाळिंबी.

प्रत्येक सॉकेट घातलं की केस कापून दाखवायचे, हा नियम होताच. माझी कात्री आणि कंगवा मी आता गाळ्यातच ठेवला होता. पाटकरांचे केस संपले. मग अगरबत्तीवाल्यांचे दोघं आले, मग इस्टेटचा वॉचमन, मग सहीवाले साहेब, ते तर चक्क रांगेत थांबले. पाऊल चार बोटांवरून दोन बोटांवर आलं, दोनावरून एकावर. बाई साच्यावर इथे प्लास्टर चढवायच्या, तिथे कानशीने घासायच्या, आणि सॉकेटचं तोंड हळूहळू तिकोनी होत गेलं. पुढे वाटीखाली एक दाब, आत नडगीच्या सपाट बाजूला एक, मागे पोटरीला एक. एक बोट मात्र काही केल्या जाईना.

तीन आठवड्यांनी अशी वेळ आली की इमारतीत कापण्यासारखं डोकं उरलं नाही. मी म्हटलं, "बाई, उद्या माणूस घेऊन येतो."

बाईंनी नव्या सॉकेटची कड कपड्याने पुसली, माझ्या हातात दिली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसल्या. अंबाड्याचे काटे काढले. "टोकं काप."

पाटकर हातातलं काम टाकून बघत राहिले.

केस कंबरेपर्यंत होते, आणि धुळीखाली बरेचसे काळे. मी पाणी मारलं, विंचरायला लागलो. बाई मान खाली घालून माझं पाऊल बघत होत्या.

"बाई, मान वर."

"मला पाय बघू दे."

"मान खाली राहिली तर केस वाकडे कापले जातील."

"जाऊंदेत."

"नाही जाऊ देणार. माझ्या हातून वाकडं जात नाही."

बाईंनी मान वर केली. इतक्या दिवसांत त्यांनी कोणाचं ऐकलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मी मागून सुरुवात केली, डावीकडे आलो, पुढे आलो, उजवीकडून परत मागे. लांब केसांची टोकं सरळ रेषेत आणायची तर वाकावं लागतं, तिरकं व्हावं लागतं. मध्येच बाईंना विचारलं, शेवटचे केव्हा कापले होते. म्हणाल्या, आई होती तोवर आई कापायची. मग मी त्यांच्या आईबद्दल विचारलं. त्यांनी आईच्या हातच्या तिखट सांबाऱ्याबद्दल सांगितलं, मी माझ्या आईच्या. मी टॉवेल झटकला तेव्हा पाटकर जमिनीकडे बोट दाखवत होते.

पाऊल खुणेवर होतं. खडूच्या रेघेच्या आत.

बाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "कसं वाटतंय?"

मला आठवेना. मी पायाकडे लक्षच दिलं नव्हतं. तसं सांगितलं. बाईंनी केस पुन्हा बांधले. "मग झालं," त्या म्हणाल्या, आणि पाटकरांना कोणाचा तरी साचा खाली काढायला सांगितला.

पक्का पाय पंधरा दिवसांत मिळाला. वस्तरा ड्रॉवरमधून बाहेर आला. सामंत आले, डोळे मिटून बसले आणि अर्ध्या दाढीत घोरायला लागले. मोबाईलवाल्याला मी सांगितलं, गाळा द्यायचा नाही, पण केस फार वाढलेत, बस.

सलूनमध्ये सत्यनारायण घालायचं सुनंदाने ठरवलं. बाईंना आम्ही दोघांनी जाऊन आमंत्रण दिलं. "बघू," बाई म्हणाल्या. पूजा झाली, शेजारपाजारचे आले, शिपाईमामा आले, प्रसाद संपला. बाई आल्या नाहीत. मी चारदा बाहेर जाऊन रिक्षा स्टँडपर्यंत बघून आलो.

दोन दिवसांनी प्रसाद आणि पेढे घेऊन गाळ्यावर गेलो. बाईंनी दारातच डबा घेतला.

"काय दुखतंय?"

"काही नाही."

"घासतंय?"

"नाही बाई. असाच आलो."

"असाच कशाला येतोस? गिऱ्हाईकं सोडून? जा, दुकान उघड." आणि दार लोटलं.

मला राग आला. घरी येऊन म्हटलं, बाई प्लास्टरसारख्याच आहेत, पाणी असेपर्यंत मऊ, मग कोरड्या ठणठणीत. सुनंदा म्हणाली, असेल काहीतरी. मी म्हटलं, काही नसेल. त्यानंतर सात-आठ महिने मी तिकडे फिरकलो नाही. फिरकायचं कारणही नव्हतं. पाय व्यवस्थित होता.

मग एक दिवस पाटकर केस कापायला आले. पॅसेजबाहेर मी त्यांना प्रथमच बघत होतो. गळ्यात कापड बांधल्यावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाईंना पूजेला यायला वेळ नाही मिळाला ना?"

"आल्या होत्या की," पाटकर म्हणाले.

"कुठे?"

"समोर मेडिकल आहे ना. त्याच्या पायरीवर होत्या तासभर. मी बरोबर होतो."

माझी कात्री थांबली. एवढं बोलून पाटकर गप्प बसणार असं वाटलं, पण त्या दिवशी ते बोलले. बाईंचं हे नेहमीचं आहे म्हणाले. रविवारी गाळा बंद असतो. बाई एकट्याच राहतात, घरी करायला काही नसतं. मग निघतात. घाटकोपरला मार्केटमध्ये एक भाजीवाली आहे, तिचा पाय बाईंनी केलाय. तिच्या समोरच्या दुकानात जाऊन उगाच कांदे निवडत बसतात. बोरीवलीला एक आजोबा सकाळी नॅशनल पार्कात नातीला घेऊन येतात. त्यांच्यासाठी बाई एवढ्या लांब जातात आणि बाकावर पेपर उघडून बसतात. शाळेबाहेर शिपाईमामा घंटेनंतर मुलांना रस्ता ओलांडून देतात, तेही बघून आल्यात. भेटत कोणालाच नाहीत.

"पण का?" मी विचारलं. "भेटल्या तर लोकांना आनंदच होईल."

"मीही तेच म्हटलं एकदा." पाटकरांनी कापडाखालून हात काढून नाक खाजवलं. "तर म्हणाल्या, मला बघितलं की माणसाला पाय आठवतो. लगेच खाली बघतो, चाल बदलते. विसरलाय तर विसरूंदे."

मी उरलेले केस कापले. पाटकर गेल्यावर सुनंदाला फोन केला, पण ती कामात होती. मग काय सांगायचं ते मलाच नीट जुळवता येईना, म्हणून ठेवून दिला.

हे सगळं आता आठवायचं कारण गेला रविवार. रविवारी सलूनमध्ये गर्दी असते. अकराच्या सुमाराला मी एका कॉलेजच्या सरांचे केस कापत होतो. कानामागचं बारीक काम चाललं होतं, म्हणून आरशात बघितलं, तर आरशात सरांच्या डोक्यावरून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यापलीकडे मेडिकलच्या पायरीवर घाडीगावकर बाई. हातात भाजीची पिशवी. एप्रन नव्हता, धूळ नव्हती, केस नीट विंचरलेले. मी लगेच ओळखलं नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली, माझ्या पावलाकडे बघत होत्या.

मला दार उघडून हाक मारावीशी वाटली. हात कापडाला पुसलाही. मग पुन्हा कात्री घेतली.

सरांना म्हटलं, जरा डावीकडून बघतो. डावीकडे गेलो. मग पुढे. मग उजवीकडून मागे. काम झालेलं होतं, पण मी कंगवा घेऊन परत निघालो, आणि तोंडाने सरांना त्यांच्या सोसायटीतल्या लिफ्टबद्दल विचारत राहिलो, नेहमी विचारतो तसं. खाली एकदाही बघितलं नाही.

"अजून काही राहिलंय का?" सरांनी विचारलं.

"थोडंसं," मी म्हटलं.

आरशात बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या अजून उभ्या होत्या. मी आणखी एक वळसा घेतला, सावकाश.